गोळ्यांना सुट्टी

काकांच्या कॅन्सरच्या गाठीचं गणित मांडून संशोधक बाई म्हणाल्या होत्या, "दोन महिने गोळ्या बंद. गाठ थोडी वाढेल, पण गोळ्यांना सरावणार नाही. पुढे त्याच लागू पडतील."

दोन महिन्यांनी तपासलं, तर गाठ उलट लहान झालेली. डॉक्टर खूश झाले. "काका, गोळ्यांशिवायच आटतेय की. मग आता बंदच ठेवू."

बाईंची नजर मात्र आलेखावरून हलेना. "माझं गणित इतकं कसं चुकलं?"

काकू खुर्चीतून उठल्या. "डॉक्टर, मला राहवलं नाही. मी रोज यांच्या दुधात एक गोळी कुटून घालत होते."



काकांनी मान खाली घातली. "म्हणजे माझी चोरून घेतलेली धरून रोज दोन झाल्या."