गाडी उभी राहिली की

"गेली?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं विचारलं.

शेडमध्ये इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

"गेली," नवऱ्याचा आवाज बॉनेटखालून आला.

"अरेरे. आज किती छान खोकत होती."

पाना आपटल्याचा आवाज तेवढा आला. ती कपबशा विसळत राहिली.

गाडी तीस वर्षांची, लाल, दोघांपुरती. पळायला लागली की झकास, थांबायचं मात्र तिला जमत नसे. पाय उचलला की इंजिन भणभणे, मग दबे, पुन्हा भणभणे आणि सिग्नलला चारचौघांत बंद पडे. "मालकावर गेलीय," ती शेजारणीला सांगे. "नुसती गुरगुर. टिकणं कशातच नाही."

मालक भूगोलाचा निवृत्त मास्तर. गेले आठ महिने दर रविवारी तो बॉनेटखाली डोकं घालून उभा असे. उभ्या गाडीत इंजिन हळू चालतं ठेवणारा आयडलचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. "जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठे जातात ते ह्यांना पाठ," ती म्हणे. "स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल कुठे जातं ते विचारू नका."

हे सगळं सुरू झालं तिच्याच एका वाक्यावरून. नणंद आली असताना ती हसत म्हणाली होती, "काय सांगू ताई, एका घरात दोन खटारे सांभाळते मी." नणंद खो खो हसली होती. तो हसला नाही.

"ही गाडी सिग्नलला धड उभी राहायला लागली," तो म्हणाला, "की त्याच दिवशी हिच्यात बसून मी ताईकडे राहायला जाणार. कायमचा."

"सकाळी साडेसातची बस आहे की."

"मी माझ्या गाडीनं जाणार."

त्यानं खरोखरच बॅग भरून डिकीत ठेवली. थंडी पडली तेव्हा गुपचूप तिच्यातला स्वेटर काढला, थंडी सरल्यावर परत ठेवला. ती सगळं बघत होती. मग राहवेना. "मोजेही काढायचे होते. तेही तुमचेच आहेत."

शेवटी नणंदच कंटाळली. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, म्हणाली, आणि तिनं आपल्या ओळखीचा मेकॅनिक धाडला.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि नाक मुरडलं. "हा स्क्रू कुणी पिळलाय?"

"मी," मास्तर म्हणाला.

"काय करता आपण?"

"भूगोल शिकवायचो."

"मग नकाशे बघायचे. इथं कशाला आलात?"

दारात उभी राहून ती खुदकन हसली. "भाऊ, तुम्ही रोज येत जा."

मेकॅनिकनं इंजिन चालू केलं, कान दिला आणि कार्बोरेटरच्या मागं बोटं घातली. करंगळीएवढी एक रबरी नळी त्यानं वर काढून दाखवली. "ही सुटलेली. इथून फालतू हवा आत जाते, म्हणून इंजिन गोंधळतं. आठ महिने डोकं घालून बसलात आणि ही दिसली नाही?"

मास्तर चष्मा पुसत राहिला.

"घट्ट बसणारी नळी आहे. आपोआप नाही निघत."

"उंदीर असतील," ती दारातून म्हणाली.

"उंदीरच," मास्तर लगेच म्हणाला.

"उंदीर कुरतडतो, वहिनी. काढून, वळवून, नीट बाजूला नाही ठेवत."

मेकॅनिकनं नवी नळी घातली, वरून क्लिप आवळली, स्क्रू जागेवर आणला. इंजिन चालू राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकाच सुरात.

"आता सिग्नलला जेवून उठलात तरी बंद पडायची नाही," हात पुसत तो म्हणाला आणि गेला.

मास्तरनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"उद्या नऊला निघतो," मास्तर म्हणाला.

"निघा. चष्मा आठवणीनं घ्या, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या ताईकडे जाल."

दुपारी तो केस कापायला गेला, तेव्हा ती शेडमध्ये गेली. बॉनेट उचललं. नवी क्लिप चकाकत होती. तिनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग बॉनेट मिटलं. जायचंय ना, जा म्हणावं. अडवणारी मी कोण?

रात्री जेवताना तिनं एकही टोमणा मारला नाही. त्यानं दोनदा मान वर करून पाहिलं.

सकाळी नऊला तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. ती पायरीवर उभी होती.

"येतो," तो सवयीनं म्हणाला.

"येतो काय? जातो म्हणा. कायमचे ना?"

तो गाडीत बसला. गाडी फाटकापर्यंत गेली. तिथं त्यानं पाय उचलला. इंजिन भणभणलं, दबलं, पुन्हा भणभणलं आणि बंद पडलं.

तो उतरला. बॉनेट उघडून पाहिलंसुद्धा नाही. डिकीतली बॅग काढून पायरीपाशी आला.

"परत तेच. रविवारी बघतो."

"तुमच्यानं काय होणार आहे," ती म्हणाली. पण आवाजाला नेहमीची धार आली नाही.

"चहा टाक."

बॅग घ्यायला तिनं हात पुढे केला. नुकत्याच आंघोळ केलेल्या त्याच्या दोन्ही अंगठ्यांना ताजं, काळं वंगण लागलं होतं.

आणि या वेळी तर तिनं त्या नळीला बोटही लावलं नव्हतं.