हवेची गादी

आईवडिलांच्या घटस्फोटानंतर लेक पहिल्यांदाच बापाच्या नव्या खोलीवर राहायला येणार होती. पलंग तिला दिला की स्वतःला हवेची गादी लागणार. पंप जुन्या घरीच राहिलेला. मागायला तोंड नव्हतं, म्हणून तो तोंडानंच गादी फुगवायला बसला. अर्धी फुगली नाही तोच ओठ बधिर झाले, बोटं आखडली, खोली गरगरली. आपला खेळ आटोपला, असं समजून त्यानं लेकीच्या आईला फोन लावला. ती नर्स होती. “काय करत होतास?” “गादी फुगवत होतो.” “मग काही झालेलं नाही तुला. भराभर श्वास घेतलेस की असंच होतं. माझ्याबरोबर घे. सावकाश सोड.” दोघांचे श्वास एका लयीत आले. बोटं सैलावली. बूच न लावलेली गादी तोवर चपटी झाली होती. “पंप तिच्या बॅगेत टाकलाय,” ती म्हणाली. “मागणार नाहीस, माहीत होतं.”