बिनतारी हरतालिका

"वायर नाय, तर घंटी वाजतली कशी?" सीतारामभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं.

अनुजाने तिसऱ्यांदा सांगितलं. अंगणापलीकडच्या मंडळाच्या खोलीत वैभव यंत्रातून ठिणगी पाडणार. ठिणगीच्या लहरी इथवर येणार, ह्या काचेच्या नळीतला लोखंडाचा कीस एकमेकाला चिकटणार, वीज वाहणार आणि घंटी वाजणार. रेडिओची सुरुवात अशीच झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपलीकडची घंटी बिनतारी वाजवून दाखवली होती.

"ते बोस होते," सीतारामभाऊ म्हणाले.

उद्या गणपती आणि लालबागच्या ह्या चाळीचा देखावा अजून ठरायचा होता. घंटी वाजली तर 'रेडिओचा जन्म', नाही वाजली तर सालाबादप्रमाणे कापसाचा हिमालय. अध्यक्ष सीतारामभाऊ, म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा. अनुजाला ह्या चाळीत सून म्हणून येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि त्यातले दोन तिने नवऱ्याला, वैभवला, हाताशी धरून ह्या नळीपायी घातले होते. आज फजिती झाली, तर चाळ आपल्याला जन्मभर 'बिनतारी वहिनी' म्हणणार, याची तिला खात्री होती. लालबागमध्ये एकदा चिकटलेलं नाव बारशाच्या नावापेक्षा जास्त टिकतं.

त्यात आज हरतालिका. सासूबाईंनी, रखमाबाईंनी, सकाळीच बजावलं होतं, "पयली हरतालिका तुझी. पाण्याचो थेंब नाय आणि चायचा तर नाव घेव नको." अनुजाला दिवसातून चार वेळा चहा लागायचा. पोटात कावळे कोकलत होते आणि डोकं ठणकत होतं. रखमाबाई मात्र लग्न झाल्यापासून निर्जळी करत आल्या होत्या आणि चाळभर त्याचा दरारा होता. मघाशीच त्या "उपासान चक्कर येता" म्हणून घराचं दार लावून पडल्या होत्या. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून टेकून अनुजाने टेबल मांडलं होतं.

"पाड ठिणगी," ती फोनवर वैभवला म्हणाली.

काहीच झालं नाही. तिने पुन्हा सांगितलं. नळी ढिम्म. कमिटीतल्या कुणीतरी कापसाची गोणी ओढायला घेतली. सीतारामभाऊ गुडघ्यावर हात ठेवून उठले. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढं पाणी उपासाला चालतं की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली. चांगली खणखणीत वाजली.

टाळ्या पडल्या. सीतारामभाऊ मटकन खाली बसले. "वाजली की गो," ते म्हणाले. "ठेवा रे तो हिमालय आत."

अनुजा हवेत होती. पण फोन अजून कानाला होता आणि त्यातून वैभव कळवळून बोलत होता. "सॉरी यार अनू. कॉइल जळलीय. मघापासून एकपण ठिणगी पडली नाय."

मग घंटी वाजवली कुणी? अनुजा वळली. तिच्या डोक्याशीच स्वयंपाकघराची खिडकी होती आणि तिच्या फटीतून ठेचलेल्या आल्याचा वास येत होता. गॅसच्या लायटरची ठिणगी ही शेवटी ठिणगीच. ती उपासाच्या दिवशी कुणी पाडली, याच्याशी नळीला काय देणंघेणं? आणि घरात तर एकच माणूस होतं. अनुजाला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग फार भूक लागली.

"परत वाजव," सीतारामभाऊंनी मोबाइल उगारला. "ग्रुपवर व्हिडिओ टाकूचो हा."

अनुजाने टिचकी मारून नळीतला कीस सुटा केला आणि खिडकीच्या फटीला तोंड लावलं. "आई, गॅस बंद करून परत पेटवा," ती हळूच म्हणाली. "आणि माझापण कप टाका."

भिंतीपलीकडे गॅसचं बटण कटकन फिरलं. मग घंटी वाजली, आणि पाठोपाठ फटीतून अगदी बारीक आवाज आला, "साकर किती घालू गो?"