नकाशावरचा ठिपका

मोटरसायकलवरून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, म्हणून बाबा सवयीसाठी पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर तासन्‌तास बसून राहायचे. "अंडी उबवताय का?" आई विचारायची. तिला काळजी नको म्हणून त्यांनी गाडीला ट्रॅकर बसवला. निघायच्या आदल्याच आठवड्यात ते झोपेतच वारले.

आईच्या ते लक्षात राहत नाही. फोनच्या नकाशावर त्यांचा ठिपका हलला नाही, की ती जेवत नाही. शेवटी ट्रॅकर काढून मी माझ्या पर्समध्ये टाकला. आता संध्याकाळी ती सांगते, "आज बरेच फिरले हं!" आणि जेवते.

काल माझ्या पर्सवर हात ठेवून ती म्हणाली, "रोज काय गं तुझं ऑफिस! रविवारी तरी लांब ने त्यांना."