बुटांना हळद-कुंकू

श्रीपादबरोबर बद्रीनाथला निघालाय ना? मग ती पिशवी ठेवा बाजूला आणि बसा जरा. दिल्लीत ज्या घरी उतरणार आहात, तिथली गोष्ट सांगतो. फार लांबण नाही लावत. तुमचा चहा गार व्हायच्या आत संपेल.

मयूर विहारमधलं घर. मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभराची लू, ती उत्तरेकडची गरम झळ, थांबलेली, पण धूळ काही खाली बसायला तयार नाही. खिडकीबाहेर नव्या सोसायट्यांचे अर्धवट मजले त्या धुळीत नुसते तरंगतायत. आणि आत चंद्रप्रभाबाई ओट्याशी उभ्या. अंगावर सुती साडी, पायात जाडजूड बूट. स्वयंपाकघरात, देवघराच्या पुढ्यात.

बाई चळली म्हणाल. तसं नव्हे. बूट कोरे होते. आणल्या आणल्या त्यांनी बुटांच्या नाकाडांवर हळद-कुंकू लावलेलं, घरात शिलाई मशीन आलं तेव्हा लावलं होतं तसंच. रस्त्याची माती लागत नाही तोवर ते पायताण नव्हेच, असा बाईंचा कायदा. ट्रेकवाल्यांनी सांगितलेलं, बूट पायात मुरवून या. म्हणून बाई बुटांतच कुकर लावत होत्या.

टेबलावर त्यांची लेक, रेवती, डोंगर मांडत होती. पोरगी गुडगावच्या नव्या परदेशी कंपनीत लागलेली. ऑफिसातली मंडळी गाइड घेऊन गढवालात निघाली होती, बर्फाच्या शिखराच्या पायथ्याशी, बेस कँपपर्यंत. प्रत्येकानं घरचं एक माणूस आणलं तर चालणार होतं. रेवतीनं आईचं नाव देऊन टाकलं.

"हे बघ आई. ही वाटी म्हणजे गाव, इथे जीप सोडते. हा चहाचा डबा म्हणजे जंगल. मग ते वरचं… घास का मैदान. मराठीत काय म्हणतात यार?"

"कुरण."

"हां, कुरण. आणि ये रहा बेस कँप." तिनं साखरेचं भांडं टेबलाच्या टोकाला सरकवलं आणि झाकण काढलं.

बाई साखरेकडे बघत राहिल्या. या घरातून किती माणसं हिमालयात गेली. मिरजेची, नाशकाची, वर्ध्याची. उतरायला हे घर, अंघोळीला हे घर, आणि निघताना डब्यात दशम्या बाईंच्या हातच्या. परत आली की त्यांच्या स्वेटरांना लाकडाच्या धुराचा आणि देवदाराचा वास यायचा. धुवायला टाकायच्या आधी बाई तो स्वेटर नाकाशी धरायच्या. एवढाच त्यांचा हिमालय.

कुकरची वाफ टेबलावरून गेली. डब्याचं जंगल धुक्यात बुडालं. बाईंचा पाय आपोआप एक पाऊल पुढे पडला. खाली गवत होतं, ओलं. कुठेतरी पाणी वाहत होतं. नळ चालू राहिला होता, पण त्यांनी तो बंद केला नाही.

तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. गुणवंतरावांनी उचलला. बाईंचा नवरा. केंद्र सरकारच्या कचेरीतला मोठा बाबू, पण मनाचा भोळा.

"बोल श्रीपाद. बद्रीनाथ? अरे वा. विचारतोस काय, घर तुमचंच आहे. या की." मग थोडं ऐकून घेतलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "हो का. त्याच आठवड्यात."

जन्माची सवय हो. दिल्लीतल्या मराठी माणसाला कुणी विचारलं, येऊ का, तर तोंडातून आधी 'या' निघतं, डोकं मागनं येतं.

"बाबा," रेवती हळूच म्हणाली, "आईचा ट्रेक आहे तेव्हा."

गुणवंतरावांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "आता निघालं तोंडातून. काय सांगू त्याला, येऊ नकोस?" मग बायकोकडे न बघता म्हणाले, "डोंगर काय पळून जातायत?"

हे वाक्य त्या घरात जुनं होतं. बाईंनी साखरेचं झाकण उचललं. भांड्यावर ठेवणारच होत्या. ठेवलं नाही. ते हातात तसंच धरून त्या हॉलमध्ये गेल्या. बूट फरशीवर ठक ठक वाजले. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"भावजी, मी बोलतेय. खुशाल या तुम्ही. फक्त मी नसेन."

"नसाल म्हणजे?" श्रीपादचा आवाज बाहेरपर्यंत आला. "वहिनी, कुठे निघालात?"

"डोंगरात."

"आता हो काय काढलंत हे? आणि मग दशम्या?"

"करून ठेवते. माझ्या डब्यासाठी पीठ मळायचंच आहे. चार जास्त लाटीन."

"पण आमचं बघायला घरी कोण?"

"हे आहेत ना. यांनीच बोलावलंय तुम्हाला."

फोन ठेवला. गुणवंतरावांनी बुटांवरच्या कुंकवाकडे बघितलं. मग म्हणाले, "गाद्या कुठे असतात आपल्या?"

"दिवाणाच्या पोटात. इतकी वर्षं झोपताय त्याच्यावर."

बाई परत टेबलाशी आल्या. बोटाच्या टोकावर साखर उचलून जिभेवर ठेवली, आणि गार लागते का ते डोळे मिटून बघितलं.

तर आता तुम्ही त्याच घरी उतरणार. गुणवंतराव चहा देतील. कसाही असो, प्यायचा, नाक मुरडायचं नाही. आणि माझं एक काम करा. तुम्ही बद्रीनाथहून खाली याल, तेव्हाच चंद्रप्रभा पण येत असेल. बेल वाजली की दार तुम्ही उघडा. आधी पाण्याचा पेला हातात द्या. तुमचा बद्रीनाथ राहू दे पिशवीत. तिला विचारा, बर्फ कसा होता. आणि तिचं सांगून होत नाही तोवर, जेवायला काय आहे म्हणून कुणी विचारू नका.