लहान खोलीचं कार्पेट

"जन्मात कधी केर काढला नाही या माणसाने, आणि घर सोडायच्या दिवशी हौस आलीय," आई जिन्यात उभी राहून पुटपुटली.

"आई, ऐकू जाईल त्यांना," मुलगी म्हणाली.

"त्या घरघरीत? गेलं तर जाऊ दे."

सामान पुढे गेलं होतं. काल माणसं येऊन कार्पेटं यंत्राने धुऊन गेली होती. वाळल्यावर एकदा व्हॅक्यूम फिरवा म्हणजे लव उभी राहील, दाराकडे मागे मागे सरकत या म्हणजे पावलं उमटणार नाहीत, असं बजावून गेली होती. बाबांनी दोन खोल्या अशाच पार पाडल्या. शिस्तीचा माणूस. लहान खोलीत मात्र त्यांचं गाडं अडलं. दारापर्यंत यायचे, थबकायचे, परत आत जायचे. आता तिसरी खेप.

लहान खोली मुलाची. त्याला घरातून जाऊन सहा वर्षं झाली. विचारलंच कुणी, तर 'नोकरीनिमित्त बाहेरगावी' हे उत्तर तिघांनाही पाठ होतं. कुठलं गाव, ते तिघांनाही ठाऊक नव्हतं. फोन करणाऱ्यांतला तो नव्हे. आलाच तर थेट या दारात येईल, हे आई जाणून होती. घर बदलायचा विषय निघाला की बाबांना इथली हवा फार मानवायची. पण आता मालकीणबाईंना स्वतःलाच इथे राहायला यायचं होतं. हवेचं कारण पुरणारं नव्हतं.

बाई ठरल्या वेळेला आल्या. चपला जिन्यात काढल्या, दोन खोल्या पाहिल्या, खूश झाल्या. लहान खोलीच्या उंबऱ्यावर थांबल्या. आत बाबा खिडकीपाशी वाकून एकाच जागी व्हॅक्यूम पुढेमागे करत होते. त्या खिडकीतून बसथांबा दिसायचा.

"तेवढ्याच जागी लव बसलीय हो," बाई मोठ्याने म्हणाल्या. "बाकी कसं नव्यासारखं दिसतंय. काय होतं तिथे, कपाट?"

"कपाटच," आई घाईने म्हणाली. "भारी जड. तीन माणसं लागली उचलायला."

मुलीने जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं.

बाबांनी बटण बंद केलं. घरघर थांबली. त्यांनी वायर काढली, नीट गुंडाळली. मग खोलीच्या मधून, नुकत्याच उभ्या केलेल्या लवेवरून, सरळ चालत दारात आले.

"कपाट नव्हतं," ते म्हणाले. "मी उभा राहायचो तिथे. मुलाला हाकलून दिलं होतं मी. तो आला, तर त्याला आमचा नवा पत्ता द्या."