साधं की भारी

“बाबा, गाडी येऊन सांगते का तुम्हाला, आजचं पेट्रोल गोड होतं म्हणून?”

म्हातारा शेजारच्या सीटवर बसला होता. मुलगी गाडी चालवत होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला स्टेअरिंगला हात लावायची मनाई होती, म्हणून ती महिनाभर राहायला आली होती.

गल्लीच्या तोंडाशी एक पंप होता, तो मागे पडला. पुलाजवळचाही मागे पडला.

“सरळ घे. गोदामांच्या पुढं.”

“अठरा किलोमीटर जायचं पेट्रोल भरायला.”

“सतरा.”

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. गुळगुळीत झालेलं वजन नुसतं तळहातावर घेऊन तो सांगायचा, दोन ग्रॅम कमी आहे. कुणी त्याला फसवलं, असं कधी झालं नव्हतं. आणि हाच माणूस एकोणीस वर्षं एका साध्यासुध्या गाडीत भारीचं पेट्रोल भरत होता, तेही दर शनिवारी, एकाच पंपावर.

मुलीने परवाच त्याला मेकॅनिकसमोर उभं केलं होतं. मेकॅनिकने हात पुसत पुसत सांगितलं होतं, “आजोबा, भारीचं पेट्रोल म्हणजे काय, तर ते जास्त दाब सोसतं. वेळेआधी पेट घेत नाही. शर्यतीच्या इंजिनात दाब असतो, तिथं ते पाहिजे. तुमच्या गाडीत तेवढा दाबच नाही. गुडघाभर पाण्यात ट्यूब घालून पोहायला लागलात तुम्ही.”

“मऊ चालते गाडी,” म्हातारा म्हणाला होता.

“रस्ता मऊ आहे. नवीन डांबर टाकलंय.”

मुलगी हसली होती. म्हाताराही थोडा हसला होता. पण शनिवार उजाडला, तसा तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी येऊन उभा राहिला.

“हे बघा बाबा,” मुलगी आता म्हणाली, “आजचं शेवटचं. पुढच्या शनिवारपासून गल्लीच्या तोंडाशी, साधं. तुमचे डोळे काय पहिल्यासारखे व्हायचे नाहीत, आणि मी काही दर आठवड्याला सतरा किलोमीटर यायची नाही. कबूल?”

गोदामं सुरू झाली. त्याने एक एक गोदाम जाऊ दिलं.

“कबूल,” तो म्हणाला.

त्याचं तोंड उतरलेलं बघून तिला वाईट वाटलं. तिने उगाच विचारलं, “पूर्वी पण हा पंप असाच होता?”

“असा कुठला. एकच मशीन होतं. वर काचेचं पिंप. दांडा मागेपुढे केला की पेट्रोल वर चढायचं, काचेतून दिसायचं. लालसर. मग नळी सोडायची. दांडा जड होता, एकट्याचं काम नव्हतं. एक दमला की दुसऱ्याने धरायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पिंपावर ऊन यायचं, आणि समोरच्या भिंतीवर लाल कवडसा हलत राहायचा.”

“तुम्ही बघितलंय?”

“बघितलंय.”

“आई कधी आली नाही ना इकडे?”

“तिला पेट्रोलच्या वासाने डोकं चढायचं.”

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलीने विषय वाढवला नाही.

पंपावर साध्या पेट्रोलची दोन मशीनं होती, तिथे दोन मुली भराभर गाड्या काढत होत्या. भारीचं मशीन एकटंच कडेला होतं. त्याची किल्ली मालकाकडे असायची. गाडी येऊन थांबली, तसा खुर्चीतून एक उंच, वाकलेला म्हातारा उठला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. किल्ली फिरवून त्याने नोझल उचललं.

बाबा खाली उतरले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

“साधं की भारी?”

“भारी.”

“शून्य.”

“दिसलं.”

बस. एवढंच बोलणं. दोघंही मशीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. मुलगी काच खाली करून ऐकत होती. रांगेत मागे कुणी नव्हतं, तरी पेट्रोल फार हळू चाललं होतं. मालक नोझलचा खटका अर्धवटच दाबत होता.

“भारीचं विकतो म्हणून भाव खातोय,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि खाली उतरली. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, असं तिला वाटलं.

“काका,” ती मालकाला म्हणाली, “तुम्हीच सांगा आता यांना. या गाडीला भारीच्या पेट्रोलने काही फरक पडतो का?”

मालकाचा हात थांबला. आकडेही थांबले. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“गाडीला नाही पडत,” तो म्हणाला.

“ऐकलंत बाबा? विकणाराच सांगतोय.” तिने पर्समधून कार्ड काढलं. “भरा काका तेवढं. मी तिकडे ऑफिसात पैसे देऊन येते.”

ती निघून गेली. मालक तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. नोझल गाडीतच राहिलं होतं.

“नाक आजीचं घेतलंय पोरीनं, आपल्या आईचं,” तो म्हणाला. “सांगितलंस तर तिला शेवटी.”

“नाही, दादा,” म्हातारा म्हणाला. “ती सगळ्यांनाच काका म्हणते.”